दिव्याची फुसफुस आणि हर्थाबाईंचा हिशेब

मागच्या भागात आम्ही इस्त्रीचा हिशेब केला होता, आठवतंय ना? इस्त्रीवर १००० वॅट लिहिलेलं, घरातली वीज २३० व्होल्टची. १००० ला २३० नं भागलं, की इस्त्री किती करंट ओढते ते कळतं, साधारण ४.३५ अँपिअर. मग २३० ला ४.३५ नं भागलं, की ५३ ओहम. हा तिच्या तारेचा रोध, म्हणजे तार विजेला किती अडवते ते. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

ते ऐकून एका मैत्रिणीनं विचारलं, मग जुन्या ट्यूबलाइटला चोक का लागायचा? इस्त्रीला तर लागत नाही! प्रश्न इतका नेमका होता की आजचा सगळा भाग आम्ही त्याच्यावरच ठेवलाय. उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल.

जर्मनीत गेओर्ग ओहम नावाचे एक शिक्षक होते, कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी तांब्याच्या आठ तारा घेतल्या, जाडी सारखी, लांबी वेगळी. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर सारखा कमीजास्त व्हायचा. म्हणून त्यांनी दोन धातूंचे सांधे वापरले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. त्यातून स्थिर वीज मिळाली आणि हिशेब जुळला. १८२७ मध्ये पुस्तक निघालं. मायदेशात सुरुवातीला त्याची कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना पदक दिलं ते १८४१ मध्ये. १८५४ मध्ये ओहम वारले.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका घड्याळजीच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढे हर्था एअर्टन झाली. ती ७ वर्षांची असताना वडील गेले. घरात भावंडांचा मोठा गोतावळा, आणि आईनं शिवणकामावर संसार ओढला. हर्था १६ व्या वर्षापासून शिकवण्या करून कमवायला लागली. नंतर केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली, पण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. शिकायचं सगळं, कागद मात्र मिळायचा नाही! पदवी तिनं लंडन विद्यापीठाची घेतली. पुढे विजेचे प्राध्यापक विल्यम एअर्टन यांच्याशी लग्न झालं.

त्या वेळी रस्त्यांवर आर्क दिवे असत. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मधल्या फटीत विजेची झगझगीत ज्योत. ग्रीलच्या दुकानात वेल्डिंग करताना दिसते ना, तसलीच. हे दिवे मध्येच लुकलुकायचे आणि फुसफुसायचे. १८९३ पासून हर्थाबाईंनी या ज्योतीची मापं घ्यायला सुरुवात केली, आणि तिथे आपला इस्त्रीचा हिशेब डळमळला.

त्यांच्या सूत्रात आकडे घालून आम्ही पाहिलं. कांड्यांमधलं अंतर ३ मिलिमीटर. करंट ५ अँपिअर असेल तर ज्योतीला सुमारे ५४ व्होल्ट लागतात, म्हणजे रोध १०.८ ओहम आणि २७० वॅट. करंट १० अँपिअर केला तर व्होल्ट वाढायला हवेत की नाही? ते उलट ४९ वर येतात! रोध ४.९ ओहम, निम्म्याहून कमी. वॅट ४९०. भागाकार चुकलेला नाही, पण त्याचं उत्तर एका जागी टिकत नाही. तारेचा रोध ठरलेला, ज्योतीचा मात्र करंटबरोबर बदलतो. वीज वाढेल तशी वाट आणखी मोकळी होते, मग आणखी वीज घुसते. आवरायला कोणी नसेल तर करंट बेफाम होणारच. म्हणून आर्क दिव्याच्या आधी रोधाची तार जोडत. ट्यूबमधला वायूही असाच वागतो, आणि त्याला आवरतो तो चोक.

फुसफुशीचं कारणही हर्थाबाईंनीच शोधलं. करंट फार वाढला, की कांडीच्या टोकावरचा तापलेला खळगा पसरून कडेपर्यंत जातो. तिथे हवा पोचते आणि तिच्यातल्या ऑक्सिजननं कार्बन पेटतो. त्यांनी हवा बंद केली, तर आवाज थांबला. ऑक्सिजन सोडला, तर पुन्हा सुरू.

१८९९ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे हा निबंध त्यांनी स्वतः वाचला. तो मान कुठल्याच बाईला आधी मिळाला नव्हता. त्याच वर्षी त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. रॉयल सोसायटीची गोष्ट वेगळी. १९०१ मध्ये तिथे त्यांचा निबंध वाचला जॉन पेरी या प्राध्यापकांनी, कारण बाईला तो हक्क नव्हता. १९०२ मध्ये फेलो म्हणून त्यांचं नाव सुचवलं गेलं. सोसायटीनं वकिलांना विचारलं. उत्तर आलं, लग्न झालेली बाई कायद्यानं फेलो होऊ शकत नाही. ज्योतीवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं ते याच वर्षी! आम्हाला हे वाचताना आधी हसू आलं, मग राग आला.

१९०४ मध्ये मात्र त्यांनी त्याच सोसायटीत उभं राहून वाळूवरच्या लाटांवरचा आपला निबंध वाचला, आणि १९०६ मध्ये त्याच सोसायटीचं ह्यूज पदक घेतलं. हर्थाबाई १९२३ मध्ये गेल्या. रॉयल सोसायटीनं पहिल्या दोन स्त्रियांना फेलो करून घेतलं ते १९४५ मध्ये.