नॉर्विचच्या तुरुंगातून सिडनीपर्यंत: केबल घराण्याची कुळकथा
१/ १७८६. इंग्लंडमधील नॉर्विच कॅसलच्या तुरुंगात हेन्री केबल व सुझाना होम्स या कैद्यांना पुत्र झाला. चोरीसाठी झालेली दोघांची फाशी हद्दपारीत बदलली होती.

२/ ऑस्ट्रेलियाला पाठवण्यासाठी सुझानाला प्लिमथला नेले. कप्तानाने तान्ह्याला मात्र नाकारले. तुरुंगरक्षक जॉन सिम्प्सन बाळासह लंडनला गृहमंत्री लॉर्ड सिडनींकडे गेला. त्यांच्या आदेशाने कुटुंब एकत्र आले.

३/ १० फेब्रुवारी १७८८ रोजी सिडनीत दोघांचा विवाह झाला. लोकवर्गणीतून मिळालेले त्यांचे सामान जहाजावरच गहाळ झाले होते. इंग्लंडमध्ये अशा कैद्यांना दावा लावता येत नसे. येथे त्यांनी कप्तानावर दावा लावून १५ पौंड मिळवले. वसाहतीतील हा पहिला दिवाणी खटला.

४/ कैदी पूर्वज तेथे दीर्घकाळ कलंक मानला गेला. आज वंशज वंशावळीचा आरंभ अभिमानाने याच दांपत्यापासून करतात.