पुमवानीचा दवाखाना आणि दाहाचा शोध
नैरोबीच्या पूर्वेकडील पुमवानी ही वस्ती ब्रिटिश वसाहत सरकारने 1920च्या दशकाच्या आरंभी आफ्रिकी रहिवाशांसाठी आखून दिली, आणि तेथे घरे बांधून खोल्या भाड्याने देणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींनी आपली मिळकत देहविक्रयाच्या कमाईतून उभी केली होती, हे लुईस व्हाइट यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासग्रंथातून स्पष्ट होते. याच परिसरातील माजेंगो येथे 1980च्या दशकात नैरोबी विद्यापीठ आणि कॅनडाचे मॅनिटोबा विद्यापीठ यांच्या संशोधकांनी या व्यवसायातील स्त्रियांसाठी दवाखाना चालवला. आरंभी त्यांचा रोख शँक्रॉइडवर, म्हणजे जननेंद्रियावर मऊ, दुखरे व्रण उठवणाऱ्या जिवाणूजन्य रोगावर होता. मात्र 1986 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नैरोबीतील गरीब थरातल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींना एचआयव्हीची लागण आढळली, आणि व्रणांचा प्रश्न एका मोठ्या प्रश्नात मिसळून गेला.

या दोन्ही प्रश्नांना जोडणारा दुवा म्हणजे दाह: दाह झालेल्या ठिकाणी संरक्षणासाठी श्वेतपेशी जमतात, आणि त्यांतील सीडी4 पेशी हेच या विषाणूचे मुख्य लक्ष्य असल्याने निरोगी स्त्रीला लागण होण्याचा धोका वाढतो, तर बाधित स्त्रीच्या योनिस्रावात विषाणू आणि बाधित पेशी अधिक प्रमाणात उतरतात. या उतरण्यालाच विषाणूस्राव म्हणतात. गर्भाशयमुखाचा दाह आणि विषाणूस्राव यांचा संबंध नैरोबीतील स्त्रियांच्या तपासणीतून 1994 साली मांडला गेला, तर मोंबासा येथील 2001च्या अभ्यासात साध्या प्रतिजैविकांनी हा दाह बरा केल्यावर विषाणूस्राव घटल्याचे दिसले. त्याआधी, 1992 साली प्रसिद्ध झालेल्या नैरोबीतील चाचणीत, संरक्षक ठरेल अशी आशा असलेल्या नोनॉक्सिनॉल-9 या शुक्रजंतुनाशकाच्या स्पंजने लागण रोखली नाही, उलट व्रणच वाढवले.

एका स्त्रीच्या बाबतीत खरे ठरलेले हे तत्त्व गावोगाव मात्र सारखे उतरले नाही: टांझानियातील म्वान्झा येथे, 1995 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गुप्तरोगांवरील सुधारित उपचारांनी नव्या लागणी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या, पण युगांडातील राकाई येथे सरसकट औषधे देऊनही 1999च्या निष्कर्षांत घट आढळली नाही. साथीच्या अवस्थेतील फरक हे त्याचे एक कारण मानले जाते. गर्भाशयमुखाचा दाह पुष्कळदा मुका असतो, पांढरे पाणी जात नाही आणि दुखतही नाही, त्यामुळे लक्षणांवरून औषध देण्याच्या पद्धतीतून तो निसटतो, ही अडचणही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या संशोधनाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रीकडे बहुधा रोगाचा उगम म्हणून पाहिले, जरी दाहाची यंत्रणा तिलाच अधिक धोक्यात टाकत होती. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांतील 1997च्या अभ्यासाने ही दृष्टी अपुरी असल्याचे दाखवले, कारण तेथे आलेल्या, या व्यवसायाशी संबंध नसलेल्या आणि बहुतांशी केवळ पतीशीच संबंध असलेल्या स्त्रियांतही सुमारे 14 टक्के जणी बाधित निघाल्या.