खानदेशचा कापूस आणि मोटरसायकलची चेन

धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे-पलीकडे, गाडी स्टँडवर लावून चेन बसवणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. हात काळे, बायको-पोरं उन्हात उभी. ‘चेन अचानक तुटली,’ असं तो सांगतो. खरं तर चेन बहुतेक वेळा कित्येक महिने आधी सांगत असते.

या चेनचं मूळ आपल्या कापसापाशी जातं. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांकडून मागणी वाढली. कापड गिरण्यांच्या यंत्रांना चेन लागत. त्या बनवणारा मँचेस्टरलगतच्या सॅलफर्डमधला एक छोटा कारखाना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाने १८७९ मध्ये विकत घेतला. जुन्या चेनमध्ये सगळा भार पातळ पट्ट्यांच्या कडांवर येई आणि पिन लवकर झिजे. रेनॉल्डने पिनवर नळीसारखं बुश बसवलं, भार पूर्ण लांबीवर पसरला. १८८० मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. ही चेन पुढे सायकलला लागली, मग मोटरसायकलला. रचना आजही तीच आहे.

त्याने झीज कमी केली, थांबवली नाही. आपण ‘चेन लांबली’ म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश झिजतात. शंभर सांधे प्रत्येकी ०.१ मिमी झिजले की चेन एक सेंटिमीटर वाढते. आपल्याकडची धूळ ऑइलमध्ये मिसळली की पॉलिशपेपरचं काम करते. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० ला पूर्ण बंद चेनकव्हर होतं. त्याने धूळ अडवली, पण चेन नजरेआडही केली.

म्हणून कव्हर काढून बघा. मागच्या सॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. दात विळ्यासारखे वाकले असतील, चाक फिरवताना चेन कुठे ताठ, कुठे ढिली होत असेल, सांध्यांत तांबूस गंज दिसत असेल, तर वेळ घालवू नका. चेन आणि दोन्ही सॉकेट एकदमच बदला. चेन ठीक असेल तर रॉकेलने धुऊन ९० नंबरचं ऑइल द्या. ढिलाई बहुतेक १०० सीसी गाड्यांना २० ते ३० मिमी लागते, ती चेन सगळ्यात ताठ असते त्या जागी मोजा.

हे सगळं इंजिन बंद ठेवून. आमच्या मोहल्ल्यातले गॅरेजवाले चाचा पोरांना पाना देण्याआधी आपला उजवा हात दाखवायचे. चालू गाडीची चेन पुसताना तर्जनीचं एक पेर गेलं होतं. रेनॉल्डचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाही पोराचं बोट गेलं नाही.