पैसा कोठें मुरतो?

राष्ट्र धनवान झालें म्हणजे तें खेळांतही विजयी होतें, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. फुटबॉलच्या बाबतींत तो अर्धाच खरा आहे. 1930 पासून 2022 पर्यंत विश्वचषकाच्या 22 स्पर्धा झाल्या, आणि त्या सर्व मिळून अवघ्या आठ देशांनीं जिंकल्या. त्यांत जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स यांसारखीं संपन्न राष्ट्रें आहेत हें खरें. पण पांच वेळां विजयी झालेल्या ब्राझीलची गणना श्रीमंत राष्ट्रांत कोणी करीत नाहीं. उलट, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांस या 22 स्पर्धांत चषक एकदांही मिळाला नाहीं. त्याच स्पर्धांत चीनचा संघ 2002 सालीं एकदांच उतरला, व तीन सामन्यांत एकही गोल न करतां परत गेला. तेव्हां संपत्ति आणि विजय यांचा संबंध आहे, पण तो सरळ नाहीं. तो कसा आहे हें समजून घेण्यास फार दूर जावयास नको.

पुण्याहून नाशिककडे जातांना मोशी ओलांडली कीं चाकणच्या अलीकडे कुरुळी हें गांव लागतें. खेड तालुक्यांतील हा सारा टापू मूळचा शेतीचा. पुढें येथें मोटारींचे कारखाने आले. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना 2009 सालीं व महिंद्राचा 2010 सालीं सुरू झाला. जवळच्याच तळेगांवचा एक तयार कारखाना 2024 सालीं ह्युंदाईनें घेतला. योगायोग असा कीं, या तिन्ही नांवांचा फुटबॉलशीं निकटचा संबंध आहे, आणि प्रत्येकाचा इतिहास निराळा धडा शिकवितो.

प्रथम भारताचीच गोष्ट घ्यावी. 1948 सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून 2–1 असे थोडक्यांत हरले. 1952 सालीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें 10–1 असा पराभव केला, तेव्हां बूट घालणें आवश्यक ठरलें. असें असूनही 1951 सालीं दिल्लीस आशियाई सुवर्णपदक, 1956 सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथा क्रमांक आणि 1962 सालीं जाकार्ता येथें पुन्हां सुवर्णपदक, असें यश या देशानें मिळविलें. गरीब देशाला हें कसें साधलें? खेळाडूला पोटाची चिंता नव्हती, हें त्याचें एक मोठें कारण होय. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा हैदराबाद सिटी पोलीस संघ 1950 ते 1954 अशी सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकत होता; त्यांतील खेळाडू पोलीस खात्याचे नोकर होते. पी. के. बॅनर्जी रेल्वेंत होते. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मुंबईंत टाटा व कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळले. पगार लहान असला तरी तो दर महिन्यास मिळे, आणि संध्याकाळ मैदानासाठीं मोकळी राही.

जाकार्ताच्या अंतिम सामन्यांत भारतानें ज्याला 2–1 असें हरविलें तो संघ दक्षिण कोरियाचा होता. त्या काळीं कोरियन माणसाचें उत्पन्न भारतीयाच्या उत्पन्नाहून फारसें अधिक नव्हतें. 1954 च्या विश्वचषकांत हंगेरीनें कोरियावर नऊ व तुर्कस्ताननें सात गोल केले होते. पण पुढील वीस वर्षांत तेथें पोलाद, जहाजें व मोटारी यांचे प्रचंड उद्योग उभे राहिले, आणि या उद्योगांनींच फुटबॉल आपल्या अंगावर घेतला. 1983 सालीं व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ह्युंदाईनें आपला संघ काढला. ह्युंदाईच्या संस्थापकांचे पुत्र चुंग माँग-जून 1993 ते 2009 पर्यंत कोरियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. 1986 पासून कोरियाचा विश्वचषकांतील प्रवेश एकदांही चुकला नाहीं, आणि 2002 सालीं त्यानें चौथें स्थान मिळविलें. भारतानेंही नोकरी देण्याची पद्धति सोडली नाहीं. पण नोकरीमुळें तयार खेळाडू टिकतो, नवा घडत नाहीं. इतर देश पुढें सरकल्यावर तेवढ्यानें भागेना.

फोक्सवॅगनचा धडा दुसऱ्या प्रकारचा आहे. वोल्फ्सबुर्ग हें शहर 1938 सालीं मोटारकारखान्यासाठींच वसविलें गेलें. महायुद्ध संपतांच, 1945 सालीं, तेथें क्रीडासंघ निघाला, आणि कंपनी त्याची पाठराखण करीत राहिली. त्या संघानें जर्मनीचें विजेतेपद प्रथम मिळविलें तें 2009 सालच्या मे महिन्यांत, म्हणजे चाकणच्या कारखान्याचें उद्घाटन होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हां. मध्यें 64 वर्षें गेलीं. मालकानें वाट पाहिली, गांवानें संघ आपला मानला, आणि मग फळ आलें.

महिंद्राचा संघ मुंबईचा. त्यानें 2003 व 2005 सालीं फेडरेशन चषक आणि 2005–06 सालीं राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. ज्या 2010 सालीं चाकणला नवा कारखाना सुरू झाला, त्याच सालीं हा संघ बंद झाला. पुण्याची हकीकत याहून खेदकारक आहे. 2012–13 सालीं देशांत दुसरा आलेला पुणें एफ. सी. 2015 सालीं संपला, डीएसके शिवाजियन्स 2017 सालीं राष्ट्रीय साखळींतून गेला, एफ. सी. पुणें सिटी 2019 सालीं विसर्जित झाला. पांच वर्षांत तीन संघ गेले. पैसा नव्हता असें नव्हे. पण तो मुरमाड माळावर पडलेल्या वळवाच्या पावसासारखा वाहून गेला. मालकाचें मन किंवा धंद्याचें गणित बदललें कीं संघ नाहींसा होतो, आणि ज्या मुलानें त्या संघाकडे पाहून बूट बांधले त्याच्या पायाखालची शिडीच निघून जाते.

याउलट आइसलँड पाहावें. त्या देशाची लोकसंख्या 2018 सालीं साडेतीन लाखांच्या आसपास होती. एकट्या पिंपरी-चिंचवडची 2011 च्या जनगणनेप्रमाणें सव्वासतरा लाखांहून अधिक. तेथील नगरपालिकांनीं थंडींतही खेळतां यावें म्हणून आच्छादित मैदानें बांधलीं, आणि लहान मुलांनाही पगारी, परीक्षा दिलेले शिक्षक नेमून दिले. या देशानें 2016 सालीं युरोपीय स्पर्धेंत इंग्लंडला हरविलें आणि 2018 सालीं विश्वचषक गांठला. तेथें पैसा एखाद्या धनिकाच्या हौशीवर सोडलेला नव्हता. तो बारा वर्षांच्या मुलाच्या पायापर्यंत पोंचविला होता.

यावरून एवढें स्पष्ट होतें कीं, किती पैसा आहे यापेक्षां तो कोठें आणि किती काळ मुरतो, यावर यश ठरतें. खेळाडूस निर्वेध पगार, मुलांस जाणता शिक्षक आणि गांवास कायमचें मैदान, या तीन ठिकाणीं तो मुरला पाहिजे. कुरुळीच्या परिसरांत पहिल्या दोन गोष्टी उद्यां उभ्या करतां येतील. पैसा देणारे उंबरठ्यावरच आहेत. मैदानाचें मात्र तसें नाहीं. कारखाने, गोदामें, चाळी आणि दुकानें यांनीं एकदां व्यापलेली जमीन पुन्हां मोकळी होत नसते. म्हणून विश्वचषकाची गोष्ट बोलण्याआधीं, गुंठ्याचा भाव कितीही चढला तरी विकावयाचा नाहीं असा एक तुकडा प्रत्येक गांवानें मुलांच्या नांवें राखून ठेवावा, हेंच शहाणपणाचें होय.