लांबच्या नजरेचे भिंग: टेलीफोटो झूमची कुळकथा

भंडारा–पवनी रस्त्यावरचे अड्याळ हे झाडीपट्टीतले गाव. परिसरात धानाच्या बांध्या, बोड्या आणि मालगुजारी काळापासूनचे तलाव. गावाच्या नावाचे वनपरिक्षेत्र आहे आणि पवनीच्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. हिवाळ्यात तलावांवर बदके उतरतात, धान निघाले की शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात आणि उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसतो. अशा मुलखातल्या तरुणाने कॅमेरा घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लांबची लेन्स कोणती घेऊ? उत्तर आकड्यांत मिळते. ४००, ५००, ६०० मिलिमीटर. जितका आकडा मोठा तितकी लेन्स चांगली, असा समजही त्यातूनच रूढ झाला आहे.

या आकड्यांमागे चारशे वर्षांचे कूळ आहे. त्यातल्या प्रत्येक पिढीने एक अडचण सोडवली आणि बदल्यात काहीतरी गमावले. काय मिळवले आणि काय गमावले हे कळले की निवड पुष्कळ सोपी होते.

कुळाचा मूळपुरुष म्हणून योहानेस केप्लरचे नाव घ्यावे लागते. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायोप्ट्रिस’ या ग्रंथात त्याने दाखवले की पुढे बहिर्गोल आणि त्यामागे अंतर्गोल भिंग योग्य अंतरावर ठेवले, तर पडद्यावर पडणारी प्रतिमा एकट्या बहिर्गोल भिंगाच्या प्रतिमेपेक्षा मोठी होते. छायाचित्रणाचा शोध तेव्हा दोन शतके दूर होता. १८३०च्या दशकात पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने दुर्बिणीत असेच अंतर्गोल भिंग बसवून तिची ताकद वाढवली. आकाशनिरीक्षक आजही ‘बार्लो लेन्स’ वापरतात.

छायाचित्रकाराला या जोडीची गरज का पडली? साध्या भिंगाने दूरची वस्तू मोठी दिसायला हवी असेल तर भिंग आणि फिल्म यांत तेवढे जास्त अंतर ठेवावे लागते. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराचे साधे भिंग म्हणजे दोन फुटांची नळी. पुढच्या बहिर्गोल गटाने एकत्र आणलेले किरण मागच्या अंतर्गोल गटाने थोडे फाकवले, तर प्रतिमा मोठी राहते आणि नळी आखूड होते. खऱ्या अर्थाने टेलीफोटो म्हणतात ते या रचनेला: जिची लांबी तिच्या नाभीय अंतराहून कमी असते.

१८९१ साली ही रचना तीन ठिकाणी स्वतंत्रपणे कॅमेऱ्यावर आली. लंडनमध्ये थॉमस रुडॉल्फस डालमायर, बर्लिनमध्ये अडॉल्फ मीथे आणि म्युनिकमध्ये अडॉल्फ श्टाइनहाइल. या पहिल्या टेलीफोटोंमध्ये पुढच्या आणि मागच्या गटातले अंतर कमीजास्त करता येत असे, आणि त्यानुसार प्रतिमा लहान-मोठी होई. झूमचे बीज जन्मापासूनच या कुळात होते ते असे. मात्र अंतर बदलले की फोकस सुटे आणि प्रतिमा जितकी मोठी तितकी अंधुक होई. त्या काळच्या मंद काचपट्ट्यांवर डोंगर, किल्ले, इमारती टिपता येत. उडणारा पक्षी किंवा चालणारे जनावर हाती लागत नसे. मग फिरते अंतर सोडून एकच नाभीय अंतर पक्के केलेल्या टेलीफोटो आल्या. जर्मनीच्या बुश कंपनीची १९०५ची ‘बिस-टेलार’ ही त्यातली पहिल्या काळातली. लवचीकता गेली, प्रतिमा सुधारली.

वन्यजीवांचे छायाचित्रण तोवर दुसऱ्या वाटेने सुरू झाले होते. इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी पोकळ केलेल्या बैलाच्या कातडीत लपून पक्ष्यांच्या जवळ जाण्याचा मार्ग धरला. १८९५मध्ये निघालेले त्यांचे पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक संपूर्णपणे छायाचित्रांनी सजलेले होते. जर्मन निसर्गप्रेमी कार्ल गेओर्ग शिलिंग्जने पूर्व आफ्रिकेत फ्लॅश आणि टेलीफोटो दोन्ही वापरले. त्याचे पुस्तक १९०५चे. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियनने वाघाच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटे आणि वाघ स्वतःच आपला फोटो काढी. १९२७च्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’मध्ये ती चित्रे आहेत. रात्री हिंडणाऱ्या जनावरासाठी त्या काळची कोणतीही लांब लेन्स पुरेशी नव्हती, म्हणून कॅमेराच जंगलात ठेवायची ही युक्ती. व्याघ्रगणनेसाठी आज झाडांना बांधले जाणारे कॅमेरा ट्रॅप हे चॅम्पियनच्या तारेचे वंशज होत.

झूमची शाखा सिनेमामुळे वाढली. क्लाइल अ‍ॅलन या अमेरिकन संशोधकाला १९०२मध्ये असे भिंग बनवण्याचे पेटंट मिळाले होते. १९३२मध्ये बेल अँड हॉवेलने आणलेली कूक ‘वारो’ ही ४० ते १२० मिलिमीटरची लेन्स चित्रपटांसाठी होती. लेन्समधले गट खाचांच्या ठरावीक वळणांवरून एकमेकांच्या सोबतीने सरकत, त्यामुळे आवाका बदलला तरी फोकस टिके. डालमायरच्या काळी हुकलेली गोष्ट साधली ती या खाचांमुळे. पुढे व्हिएन्नात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रँक बॅकने ‘झूमर’ लेन्स आणली आणि दूरचित्रवाणीवर खेळांचे प्रक्षेपण बदलून टाकले. खेळाडू कुठे धावेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून झूम पहिल्यांदा रुजला तो खेळाच्या मैदानावर. स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिला झूम १९५९मध्ये आला: फोइग्टलेंडरची ३६ ते ८२ मिलिमीटरची ‘झूमर’, तीही बॅकचीच. त्याच वर्षी निकॉनने ८५ ते २५० मिलिमीटरची टेलीफोटो झूम जाहीर केली आणि १९६१मध्ये २०० ते ६०० मिलिमीटरची.

आज वन्यजीव छायाचित्रकार जो आवाका मागतो तो साठहून अधिक वर्षांपूर्वीच हजर होता. तरी ती लेन्स सर्वांच्या हाती का गेली नाही? तिचे सर्वांत मोठे छिद्र होते एफ/९.५. आजच्या एफ/६.३च्या निम्माही प्रकाश ती आत घेत नसे. वर फिल्मची संवेदनशीलता कमी, फोकस हाताने आणि हात थरथरणारा. या अडचणी सुटायला पुढची चार दशके लागली.

याशिवाय एक अडचण होती रंगांची. काचेतून जाताना निळा आणि लाल किरण वेगवेगळ्या कोनांत वळतात. लेन्स जितकी लांब तितका हा फरक ठळक होतो आणि पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ उमटते. फ्लोराइट या खनिजात किरणांची अशी फाकाफाक फार कमी होते. फ्लोराइटचे साठे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत, परंतु लेन्ससाठी लागणारे मोठे आणि निर्मळ स्फटिक प्रयोगशाळेत वाढवावे लागतात. कॅननने १९६९मध्ये असे स्फटिक वापरलेली ३०० मिलिमीटरची लेन्स आणली. पुढे निकॉन आणि इतरांनी तशाच गुणांची खास काच तयार केली. लेन्सच्या नावात ‘ईडी’ ही अक्षरे येतात ती या काचेमुळे. १९८५मध्ये मिनोल्टाच्या कॅमेऱ्याने स्वयंचलित फोकस लोकांपर्यंत नेला. १९९५मध्ये कॅननच्या ७५–३०० मिलिमीटर लेन्समध्ये हाताची थरथर ओळखून एक भिंगगट उलट दिशेला सरकवण्याची सोय आली. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये हे पहिल्यांदा घडले. शेवटची, संवेदनशीलतेची गाठ डिजिटल सेन्सरने सोडवली. फिल्मच्या काळात ४०० आयएसओ म्हणजे वेगवान. आज ६४०० आयएसओवर काढलेले चित्र मासिकात छापता येते. त्यामुळे कमी प्रकाश घेणारी, म्हणून हलकी आणि स्वस्त असलेली झूम एकदम कामाची ठरली.

नोव्हेंबर २०१३मध्ये टॅमरॉनने १५०–६०० मिलिमीटरची लेन्स जाहीर केली. वजन दोन किलोच्या आत. २०१४मध्ये सिग्माने त्याच आवाक्याच्या दोन लेन्स जाहीर केल्या, २०१५मध्ये निकॉनची २००–५००, २०१९मध्ये सोनीची २००–६००, २०२०मध्ये कॅननची १००–५०० आणि २०२३मध्ये निकॉनची १८०–६००. २०१३ हेच नागझिऱ्याहून निघालेला ‘जय’ वाघ उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात आल्याचे वर्ष. एप्रिल २०१६मध्ये तो बेपत्ता होईपर्यंत त्याची असंख्य चित्रे काढली गेली. लांब झूम मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या आवाक्यात आली तीही याच वर्षांत.

आता निवडीकडे वळू. आधी छिद्राचे गणित. नाभीय अंतराला एफ-आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ६०० मिलिमीटर आणि एफ/६.३ म्हणजे सुमारे ९५ मिलिमीटर, तर ६०० आणि एफ/४ म्हणजे १५० मिलिमीटर. एवढे मोठे निर्दोष भिंग घडवायचे म्हणून एफ/४ची लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. बदल्यात ती अडीच पट प्रकाश देते. जंगलात पहाटे, सूर्य झाडांच्या वर येण्याआधी हा फरक खरा असतो. तलावावर सकाळी नऊ वाजता किंवा पटाच्या मैदानावर दुपारी तो जाणवतही नाही. आपले विषय कोणत्या उजेडात भेटतात हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न अंतराचा. पूर्ण आकाराच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. ६०० मिलिमीटरवर वीस मीटर अंतरावरच्या दृश्याची रुंदी भरते १.२ मीटर. नर वाघाचे अंग शेपूट सोडून पावणेदोन-दोन मीटर असते, म्हणजे तो चौकटीत मावत नाही. २०० मिलिमीटरवर हीच रुंदी ३.६ मीटर होते. वाघ मावतो आणि त्याच्याभोवतीचे रानही दिसते. याच वीस मीटरवर वीतभर पक्षी टिपायचा असेल तर ६०० मिलिमीटरवरही तो चौकटीचा जेमतेम सहावा भाग व्यापतो. पक्ष्यांसाठी लांब टोक महत्त्वाचे आणि वाघासाठी आखूड टोक. दोन्ही करायचे असेल तर झूमला पर्याय नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर ४०० मिलिमीटरची लेन्स ६००सारखी चौकट देते, तेव्हा हलकी १००–४०० घेऊनही काम भागते.

शंकरपट ही तिसरी कसोटी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने बंद पडलेल्या बैलांच्या शर्यतींना डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरवला. धावती जोडी शंभर मीटरवर असते तेव्हा ६०० मिलिमीटर हवे. पाहता पाहता ती वीस मीटरवर येते तेव्हा १५०. एवढ्या अवधीत मनगटाच्या एका वळणात झूम पूर्ण फिरला पाहिजे आणि फोकस जोडीवरून सुटता कामा नये. शटर एक सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवावा. थरथर रोखणारी सोय आपल्या हाताला सावरते. बैलाचे खूर आणि धुरकऱ्याचा हात गोठवायला वेगवान शटरच लागते.

चौथा प्रश्न हवामानाचा आहे आणि विदर्भात तो टाळता येत नाही. बहुतेक झूम लांब करताना नळी बाहेर येते आणि आत-बाहेर होताना हवेबरोबर धूळही ओढते. सोनीची २००–६०० आणि निकॉनची १८०–६०० यांची लांबी बदलत नाही. सफारीच्या धुळीत याचा फायदा होतो. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, म्हणून लेन्स सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी. मे महिन्यातल्या दुपारी मात्र कोणतीच लेन्स उपयोगाची नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि दूरचे चित्र वितळल्यासारखे येते. त्यावर उपाय एकच, सकाळी लवकर जाणे.

दुकानात शिरण्याआधी आपले जुने फोटो काढून पाहावेत. ते किती अंतरावरून, कोणत्या वेळी, कोणत्या आकड्यावर काढले हे कॅमेरा नोंदवून ठेवतो. जमले तर हवी ती लेन्स दोन दिवस भाड्याने आणून तलावावर आणि पटावर वापरून बघावी. दोन किलोंचे ओझे आपल्या खांद्याला पेलते का, हे पत्रकात छापलेल्या आकड्यांवरून समजत नाही.

या साऱ्या कुळाने चारशे वर्षे एकच गोष्ट साधली: लांब राहून पाहता येणे. त्याचा विसर पडला की काय होते ते उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. २०२४ संपता संपता गोठणगाव भागात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाडी आणि वन्यप्राणी यांत किमान वीस मीटर अंतर हवे, आणि वर पाहिल्याप्रमाणे तेवढ्या अंतरावरून २०० मिलिमीटरवरही वाघ पुरेपूर मिळतो. तेव्हा लेन्स कोणतीही घ्या, पण वाघ चौकटीत लहान दिसला तर झूम फिरवा. जिप्सी पुढे घ्यायला चालकाला सांगू नका.