नांगराखाली तुटणारं जाळं



2023 ला पावसानं दगा दिला. उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं फूटभर खोल नांगरट केली होती, वर दोनदा रोटाव्हेटर फिरवला होता. खरीप गेला, रब्बीलाही ओल नव्हती. रान वर्षभर उघडं पडलं. 2024 च्या जूनमध्ये त्यात मका टोकला, बुडात डीएपी दिला. तरी तीन आठवड्यांत पानं जांभळी पडली. स्फुरद कमी पडल्याची ती खूण, हे तुम्हाला सांगायला नको. दुकानदार म्हणाला, अजून एक बॅग टाका. टाकली. मका उठला तो उशिरानंच. वर्षभर विश्रांती मिळालेलं रान, पीक जोमात यायला पाहिजे होतं. उलटं कसं झालं, हे शोधताना जे वाचायला मिळालं ते लिहितो. जरा लांबेल.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला डार्लिंग डाउन्स म्हणून मुलूख आहे. जमीन आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तिथले शेतकरी ओल साठवायला रान वर्ष वर्ष पड ठेवायचे. ओल साठायची, नत्रही साठायचं, आणि तरी पुढचं पीक खुरटं निघायचं. मका, सूर्यफूल, जवस जास्त मार खायचे, गहू त्या मानानं कमी. लोकांना हे कैक वर्षं माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. 1987 साली जे. पी. थॉम्पसन यांनी ते मांडलं. पड रानात मुळावर जगणारी बुरशी उपाशी मरते. नव्या पिकाला ती वेळेवर भेटत नाही आणि स्फुरद अन् जस्त मातीत असूनही रोपाला मिळत नाही. वाचलं तेव्हा माझाच मका डोळ्यापुढं आला.

ही बुरशी म्हणजे मायकोरायझा, आपल्याकडं व्हॅमच्या पाकिटात मिळते ती. मायकोरायझा हे नाव 1885 साली जर्मनीत ए. बी. फ्रँक यांनी दिलं. सरकारनं त्यांना ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड करता येते का ते बघायला लावलं होतं, आणि झाडांच्या मुळावर त्यांना बुरशीचं आवरण दिसलं. पिकांच्या मुळात असते ती जात वेगळी, मुळाच्या पेशीत शिरणारी. स्कॉटलंडमध्ये 40 कोटी वर्षांपूर्वीच्या दगड झालेल्या वनस्पतींतही तिच्या खुणा सापडल्यात. म्हणजे नांगर कालचा म्हणायचा.

काम कसं चालतं ते बघा. स्फुरद मातीत जागचा हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद खाऊन संपवतं, मग पुढं काही नाही. बुरशीचे धागे केसाहून बारीक. ते काही सेंटीमीटर लांब जातात आणि तिथला स्फुरद मुळाला आणून देतात. बदल्यात पीक साखर देतं. सालगड्यासारखा हिशोब आहे.

आता नांगराकडं येऊ. कॅनडात गेल्फ विद्यापीठात मरे मिलर आणि त्यांच्या सोबत्यांनी 1980 च्या दशकात याचा छडा लावला. विनानांगरटीच्या रानातला मका लहानपणी जास्त स्फुरद उचलतो, हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी कुंड्यांत मका वाढवला, कापला, काही कुंड्यांतली माती मोडून परत भरली आणि काहींची तशीच ठेवली. माती तीच, स्फुरद तेवढाच. मोडलेल्या मातीतल्या मक्यानं कमी स्फुरद उचलला, गव्हानंही. पालक आणि मोहरीच्या जातीतलं तेलबियांचं पीक लावलं तर फारसा फरक पडला नाही, कारण या दोन्हींच्या मुळांना ही बुरशी धरतच नाही. माती मोडल्यानं बुरशी मरते असं नाही, तिचं आधीच विणलेलं जाळं तुटतं. नव्या रोपाला तयार जाळ्यात मूळ घालायला मिळालं तर पहिल्या दिवसापासून आयतं मिळतं. नाहीतर जाळं पहिल्यापासून विणायचं आणि रोप तोवर जांभळं. तिकडच्या हिवाळ्यात माती गोठते, तरी न मोडलेलं जाळं टिकतं, हेही त्यांनी दाखवलं.

पण एक गोष्ट लपवायची नाही. लहानपणी जास्त स्फुरद उचलला म्हणून कणसं दर वेळी जास्त भरली असं गेल्फला झालेलं नाही. थंड माती, तण, अशी दुसरी कारणं आडवी येतात. विनानांगरट म्हणजे उत्पन्न दुप्पट, असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

आपल्याकडची गोष्टही आठवते. 1903 च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून लोक घेत नव्हते असं सांगतात. त्यांना आपण अडाणी म्हणून हसलो. विषाची गोष्ट खोटीच होती. पण लाकडी नांगर माती फाडायचा, पालथी घालत नव्हता आणि कुळव वरची दोन-तीन बोटं हलवायचा. खालचं बरंचसं जाळं शाबूत राहत असणार. लोखंडी नांगर आपण घेतला तो हराळी आणि कुंद्यासाठी, आणि त्या कामाला तो खराच होता. माझ्या वडिलांनी कुंदा त्यानंच काढला. चुकलं ते पुढं, तण नसतानाही दरवर्षी फूटभर नांगरायची सवय लागली आणि वर रोटाव्हेटर आला.

या उन्हाळ्यात चार एकरांतलं एक एकर नांगरत नाही. मागच्या पिकाची धसकटं तशीच ठेवून त्यातच मका टोकणार, डीएपी दोन्हीकडं सारखा. पड तर ठेवणारच नाही, पाऊस लांबला तरी चवळी-मटकी काहीतरी टाकणार. पोरगं म्हणतं कुंदा माजेल. माजेलही. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही तुकड्यांतल्या मक्याच्या पानांचे फोटो इथं टाकतो.