परळचा पूल

आमच्या भोर तालुक्यात आजही रेल्वेचा रूळ नाही. तरी आमच्या उत्रोली गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात रेल्वेवरचा एक पूल सारखा यायचा. मुंबईचा एल्फिन्स्टन पूल. 1913 साली बांधलेला, परळ आणि प्रभादेवी जोडणारा. खालून मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वे जातात. गिरणीत काम केलेले आमचे आबा त्यांना शेवटपर्यंत जीआयपी आणि बीबीच म्हणत.

आबांची राहायची जागा परळला, गावाच्या खोलीत, गिरणी पुलापलीकडे. खोलीत झोपणंसुद्धा पाळीनं. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची. भोंगा झाला की सगळा लोंढा पुलावर. रात्रपाळीची माणसं परतत असायची, पहिल्या पाळीची निघालेली, आणि दोघांची गाठ पुलावरच पडायची. कुणाची म्हैस व्याली, नीरेला पाणी किती आलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं तिथंच कळायचं. तांदळाचं गठुडं घेऊन गावाकडून आलेला नवा पोरगा गिरणीत बदली कामगार म्हणून लावायचा, तर त्याचीही बोलणी चालता चालता तिथंच व्हायची. पगाराच्या दिवशी मात्र आबा कुणाशी बोलायला थांबत नसत, थेट पोस्ट गाठत. त्या मनिऑर्डरींवर आमच्या घराची कौलं चढली.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काही महिन्यांनी आबा गावी परतले आणि भाताच्या खाचरात उतरले. संपाविषयी ते बोलत नसत. पुलाविषयी मात्र तासन्‌तास बोलत.

29 सप्टेंबर 2017 ला शेजारच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. आबा तेव्हा नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, त्या दिवशी जेवले नाहीत. तेही त्याच गर्दीतून वर्षानुवर्षं चाललेले.

12 सप्टेंबर 2025 ला एल्फिन्स्टन पूल बंद झाला आणि त्याचं पाडकाम सुरू झालं. तिथं आता दुमजली पूल होणार: खालून स्थानिक वाहतूक, वरून अटल सेतूकडून वरळीकडे जाणाऱ्या गाड्या. शंभरी ओलांडलेला पूल उतरवायलाच हवा होता, हे मला पटतं. पण मी वाचलेल्या बातम्यांत पुलाला ज्याचं नाव दिलं त्या गव्हर्नरचा उल्लेख होता, वाहतुकीचे बदल होते. त्यावरून रोज कामाला गेलेली भोर-वेल्ह्याची, साताऱ्याची, कोकणातली माणसं कुठंच नव्हती. याचं मला फार वाईट वाटलं.

नानांना मी नव्या पुलाचं चित्र दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, ''चालणाऱ्याला जागा किती ठेवलीय रं?''